वेल्डिंग यंत्राची निगा आणि रेडिओतला व्यत्यय

वेल्डिंगचे वीजयंत्र म्हणजे दाब कमी करून प्रवाह वाढवणारे साधन. पुरवठ्यातून ते २३० किंवा ४१५ व्होल्ट घेते. आर्क पेटल्यावर रॉड आणि जॉब यांच्यामध्ये साधारण २० ते ३० व्होल्टच उरतात, पण प्रवाह ५० अँपिअरपासून ५०० अँपिअरपर्यंत जातो. हा प्रवाह यंत्रातून निघून केबलने होल्डरपर्यंत जातो, आर्कमधून जॉबमध्ये उतरतो आणि परतीच्या केबलने पुन्हा यंत्रात येतो. हे वर्तुळ आखूड, घट्ट आणि स्वच्छ असेल तर वीज वेल्डमध्ये खर्ची पडते. त्यात कुठे सैल थिंबल, गंजलेला क्लॅम्प, फाटलेली केबल किंवा उगाच लांबलेली वाट असेल, तर काही वीज तिथेच उष्णता होऊन वाया जाते आणि काही रेडिओलहरींच्या रूपाने आजूबाजूला पसरते. यंत्राची देखभाल आणि विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा बंदोबस्त ही दोन खात्यांची दोन कामे मानण्याची रीत आहे. प्रत्यक्षात पाना, ब्रश आणि मल्टिमीटर घेऊन केलेल्या एकाच कामातून बहुतेक वेळा दोन्ही साधतात.

देवनहळ्ळी: लोखंड आणि लहरी एकाच ठिकाणी

हा विषय देवनहळ्ळीच्या संदर्भात समजून घेणे सोयीचे जाते. बंगळुरूपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे हे किल्ल्याचे गाव टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाई. २४ मे २००८ रोजी तिथला आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि गावाचा व्यवसाय बदलू लागला. विमानतळाचे दुसरे टर्मिनल, विमान-अवकाश उद्योगांसाठी राखलेली औद्योगिक वसाहत, जानेवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालेले बोइंगचे ४३ एकरांचे अभियांत्रिकी केंद्र, विमानतळाकडे येणारा मेट्रोचा मार्ग अशी लोखंडाची मोठी कामे एकामागोमाग एक उभी राहिली. मोठ्या कामांच्या आसपास ग्रिल-गेट करणारी, ट्रकच्या बॉड्या दुरुस्त करणारी आणि शेतीची अवजारे जोडणारी छोटी दुकानेही असतातच. जिथे लोखंड उभे राहते तिथे वेल्डिंग मशीन पोचते.

याच परिसरात आकाशातून येणारे अगदी क्षीण संदेश टिपण्याचे कामही चालते. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होते. धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझर १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्ये, तर उतरण्याचा कोन दाखवणारा ग्लाइड स्लोप ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झमध्ये काम करतो. विमानाशी होणारे बोलणे आजही एएम पद्धतीने, म्हणजे लहरीची उंची कमीजास्त करून पाठवले जाते. ठिणगीचा गोंगाटही लहरीच्या उंचीवरच परिणाम करतो. त्यामुळे एफएम रेडिओ जो खरखराट बऱ्याच अंशी गाळून टाकतो, तो एएममध्ये सरळ कानावर येतो.

देवनहळ्ळीच्या वायव्येला सुमारे ५० किलोमीटरवर गौरीबिदनूरची रेडिओ वेधशाळा आहे. तिथल्या टी आकाराच्या अँटेना-मालिकेने ३४.५ मेगाहर्ट्झवर आकाशाचे नकाशे काढले. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी आहेत आणि १६ इंग्रजी वाय आकारात दूरवर पसरल्या आहेत. अशा दुर्बिणीसाठी जागा निवडताना रेडिओ-गोंगाट किती कमी आहे ही कसोटी महत्त्वाची असते. तरीही वीजवाहिन्यांवरच्या सैल जोडांतून उडणाऱ्या ठिणग्या हा तिथल्या अभियंत्यांच्या अभ्यासाचा कायमचा विषय राहिला आहे. देवनहळ्ळीतल्या दुकानातली ठिणगी गौरीबिदनूरला त्रास देणार नाही, पण दुर्बिणीच्या शेजारच्या गावातली देऊ शकते. व्यत्ययात ठिणगीच्या जोराइतकेच अंतराला महत्त्व असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की क्षेत्राची तीव्रता निम्मी होते.

देवनहळ्ळीच्या उंचीचाही इथे संबंध येतो. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंचीवर आहे. वेल्डिंग यंत्रांच्या आयईसी ६०९७४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात यंत्राची क्षमता १००० मीटरपर्यंतची उंची आणि ४० अंश सेल्सिअसपर्यंतचे हवेचे तापमान गृहीत धरून ठरते. देवनहळ्ळी या मर्यादेच्या जेमतेम आत आहे, तर शेजारचा १४७८ मीटरचा नंदी डोंगर बाहेर. वरची विरळ हवा पंख्याने फेकली तरी उष्णता कमी वाहून नेते. म्हणून डोंगरमाथ्यावरच्या कामासाठी यंत्राचा ड्यूटी सायकल पाटीवर लिहिल्यापेक्षा कमी धरावा लागतो. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे आर्क चालू ठेवता येईल, याचे प्रमाण म्हणजे ड्यूटी सायकल. पाटीवर ३०० अँपिअरला ६० टक्के लिहिले असेल, तर सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती.

व्यत्यय उपजतो कुठे

वर्कशॉपमध्ये तीन प्रकारची यंत्रे दिसतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिला प्रकार जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर सेटचा. त्यात तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची वेटोळी, लोखंडी गाभा आणि चोक असतो. काम ५० हर्ट्झवर चालते, त्यामुळे यंत्र स्वतः रेडिओच्या दृष्टीने बरेच शांत असते. गोंगाट येतो तो आर्कमधून आणि सैल जोडांमधून.

दुसरा प्रकार इन्व्हर्टरचा. यात ४१५ व्होल्टचा एसी पुरवठा आधी डीसी केला जातो. त्याचा दाब सुमारे ५८५ व्होल्ट होतो. मग आयजीबीटी किंवा मॉस्फेट हे अर्धवाहक स्विच ही वीज सेकंदाला २० हजार ते एक लाख वेळा उघडझाप करून छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरला देतात. वारंवारता जितकी जास्त तितका गाभा लहान लागतो. त्यामुळेच दोन माणसांनी उचलायचा सेट आता खांद्याला अडकवून नेता येतो. या हलकेपणाची किंमत रेडिओच्या पट्ट्यात मोजावी लागते. प्रत्येक उघडझापीत दाब मायक्रोसेकंदाच्या अंशात शेकडो व्होल्टने बदलतो आणि अशा तीव्र कडांमधून मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी काही दशलक्ष हर्ट्झपर्यंत पसरतात. पुरवठ्याच्या बाजूला वेगळी अडचण असते. इन्व्हर्टर वीज संथपणे न घेता झटक्याझटक्याने ओढतो. तीन फेजच्या यंत्रात त्यामुळे २५० आणि ३५० हर्ट्झचे, एका फेजच्या यंत्रात मुख्यतः १५० हर्ट्झचे हार्मोनिक प्रवाह वाहिनीत शिरतात. अनेक एकफेजी यंत्रे एकाच फीडरवर असली की हे १५० हर्ट्झचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिसळून वाढतात आणि न्यूट्रलची तार तापते.

तिसरा आणि सगळ्यांत गोंगाटी प्रकार टिगचा, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत आर्गॉन वेल्डिंगचा. ही पद्धत १९४०च्या दशकात अमेरिकेच्या विमानउद्योगात मॅग्नेशियमसारखे हलके धातू जोडण्यासाठी पुढे आली. त्याच सुमारास, १९४० मध्ये, वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने बंगळुरूत विमानांचा कारखाना निघाला. आज देवनहळ्ळीच्या आसपास दिसणाऱ्या विमानउद्योगाची सुरुवात तिथे आहे. टिगमध्ये टंगस्टनचे टोक जॉबला न टेकवता आर्क पेटवायचा असतो. त्यासाठी काही हजार व्होल्टची उच्च वारंवारतेची ठिणगी मधल्या फटीवर टाकली जाते. तिला वर्कशॉपमध्ये एचएफ म्हणतात. तिच्या मंडलात उच्चदाब ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, वेटोळे आणि स्पार्क गॅप असतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात कोलकात्यात बिनतारी लहरींचे प्रयोग दाखवले ते ठिणगीच्याच बळावर. पुढे जहाजांवरचे पहिले बिनतारी प्रेषकही याच तत्त्वावर चालले. ठिणगी एका वारंवारतेला चिकटून राहत नाही आणि सगळा पट्टा व्यापते. म्हणून संदेशवहनातून तिला नियमाने हद्दपार करण्यात आले. टिगच्या पेटीत मात्र ती कामाची वस्तू म्हणून टिकली.

अॅल्युमिनियम एसीवर वेल्ड करताना प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि प्रत्येक वेळी आर्क विझण्याची शक्यता असते. जुन्या ट्रान्सफॉर्मर-टिगमध्ये म्हणून एचएफ सतत चालू ठेवतात. नव्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरमध्ये प्रवाह शून्य इतक्या वेगाने ओलांडतो, की एचएफ फक्त पेटवण्याच्या क्षणी पुरते. स्टीलच्या डीसी कामात स्विच ‘सतत’ऐवजी ‘सुरुवातीला’ या जागी ठेवणे, किंवा टोक टेकवून उचलताना पेटणारी लिफ्ट-आर्क पद्धत वापरणे, हा व्यत्यय कमी करण्याचा बिनखर्ची उपाय आहे.

व्यत्यय बाहेर पडतो कसा

व्यत्ययाच्या वाटा चार आहेत. तो पुरवठ्याच्या तारांवरून वाहिनीत जातो, यंत्राच्या पेटीतून थेट बाहेर पडतो, वेल्डिंगच्या केबलमधून पसरतो, आणि जवळच्या सुट्या लोखंडावर पडून तिथून पुन्हा फेकला जातो.

यांपैकी केबलची वाट बहुधा सर्वांत मोठी. जाणारी आणि येणारी केबल शेजारीशेजारी असतील, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बरीचशी रद्द करतात. जाणारी शेडच्या एका भिंतीने आणि येणारी दुसऱ्या भिंतीने गेली, की मधल्या क्षेत्रफळाएवढा मोठा लूप अँटेना तयार होतो. तारेची लांबी लहरीच्या पाव भागाएवढी झाली की तार अँटेनाचे काम चांगले करते. १२५ मेगाहर्ट्झसाठी ही लांबी ६० सेंटिमीटर, ३४.५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २.२ मीटर. वर्कशॉपमधल्या केबली, पाइप आणि कपाटे याच मापांची असतात.

पेटीचेही तसेच आहे. पत्र्याचे आवरण चारही बाजूंनी बंद आणि धातूला धातू टेकलेले असेल, तरच ते लहरी आत ठेवते. दुरुस्तीनंतर आठ स्क्रूंपैकी चारच लावले तर पत्र्याच्या कडेला फट राहते. ३० सेंटिमीटर लांबीची फट, कितीही अरुंद असली तरी, ५०० मेगाहर्ट्झच्या सुमारास उत्तम अँटेना ठरते. दोन पत्र्यांच्या मध्ये नवा रंग बसला तरी संपर्क तुटतो.

देखभालीचा क्रम

रोजची पाहणी पाच मिनिटांची असते, पण अर्ध्याहून अधिक दोष तिथेच सापडू शकतात. सर्वांत आधी केबलचे आवरण पाहावे. कापलेल्या जागी नुसती चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. मग होल्डरचे जबडे, परतीचा क्लॅम्प, यंत्रावरचे दोन्ही सॉकेट आणि पुरवठ्याचा प्लग तपासावेत. जोड कसा आहे हे हाताला कळते. काम थांबवून यंत्र बंद केल्यावर एखादा जोड बाकी केबलपेक्षा गरम लागला, तर तो सैल किंवा मळलेला आहे. हिशेब सोपा आहे. २०० अँपिअरच्या वाटेत एक मिलिओहमचा रोध ४० वॅट खातो, दहा मिलिओहमचा रोध ४०० वॅट. चारशे वॅटची शेगडी थिंबलमध्ये पेटली, की तांबे काळे पडते, रोध आणखी वाढतो आणि शेवटी जोडात बारीक ठिणग्या उडू लागतात. वीज खाणारा जोड गोंगाटी होतो तो असा.

केबलच्या लांबीचा हिशेबही मांडून पाहावा. ५० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे सुमारे ०.३४ मिलिओहम असतो. यंत्र जॉबपासून ३० मीटरवर ठेवले तर जाऊन-येऊन ६० मीटर केबल लागते. २०० अँपिअरला तिच्यात चार व्होल्ट पडतात आणि आठशे वॅट वाया जातात. यंत्रच जॉबजवळ नेले तर वीज वाचते, आर्क स्थिर होतो आणि अँटेना आखूड होतो. उरलेली केबल गुंडाळी करून चालू कामात ठेवणे टाळावे, कारण गुंडाळीचे प्रेरण आर्कची घडण बिघडवते. एचएफ वापरताना तर केबल शक्य तितकी आखूड ठेवून, दोन्ही केबली जमिनीलगत आणि जवळजवळ नेणे हा पहिला नियम आहे.

तिमाही कामात यंत्र उघडून साफ करणे येते. देवनहळ्ळीची तांबडी धूळ आणि ग्राइंडरचा लोखंडी भुसा यंत्रात एकत्र येतात. मातीची धूळ उष्णता कोंडते. लोखंडी भुसा वीजवाहक असतो आणि सर्किट बोर्डावर बसला की दोन वाटांमध्ये पूल बांधतो. पावसाळ्यात त्यावर दमट हवेचा थर आला की इन्शुलेशन ढासळते. ग्राइंडरच्या ठिणग्यांचा रोख यंत्राच्या जाळीकडे असू नये, एवढ्या काळजीनेही साफसफाईची पाळी लांबवता येते.

यंत्र उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून प्लग काढावा आणि आतले कपॅसिटर रिकामे होण्यासाठी किमान पाच मिनिटे, किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिला असेल तेवढा वेळ थांबावे. नंतर डीसी मीटरने दाब मोजूनच हात घालावा, कारण ५८५ व्होल्टला चार्ज झालेला कपॅसिटर प्राण घेऊ शकतो. ब्लोअरची हवा कोरडी आणि कमी दाबाची असावी. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी आधी काढले नाही, तर धूळ जाते आणि बोर्डावर ओल येते. हवा मारताना पंख्याचे पाते हाताने धरून ठेवावे. हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते.

टिग यंत्रातल्या स्पार्क गॅपची पाहणी याच वेळी करावी. त्यातली टंगस्टनची टोके झिजत जातात आणि मिलिमीटरच्या अंशाएवढी फट हळूहळू वाढते. फट वाढली की ठिणगीला अधिक दाब लागतो, पेटणे अनियमित होते आणि गोंगाट वाढतो. आर्क पेटत नाही म्हणून कारागीर एचएफची ताकद वाढवतो आणि मूळ दोष तसाच राहतो. फट पुस्तिकेत दिलेल्या मापावर फीलर गेजने आणणे एवढेच काम असते. टॉर्चची केबल, तिचे इन्शुलेशन आणि पाण्याने गार होणाऱ्या टॉर्चमधले पाणी हेही तपासावे, कारण एचएफ ओल्या वाटेने गळते आणि टोकापर्यंत पोचतच नाही.

वार्षिक किंवा दुरुस्तीनंतरच्या तपासणीसाठी आयईसी ६०९७४-४ या मानकाने क्रम घालून दिला आहे. प्रथम डोळ्यांनी पाहणी होते. मग अर्थच्या तारेचे सातत्य मोजले जाते. पाच मीटरपर्यंतच्या पुरवठा केबलसाठी तिचा रोध ०.३ ओहमपेक्षा जास्त असू नये. नंतर ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने इन्शुलेशन पाहतात. पुरवठ्याचे मंडल आणि वेल्डिंगचे मंडल यांच्यामध्ये किमान ५ मेगाओहम, आणि यांपैकी प्रत्येक मंडल व अर्थ यांच्यामध्ये किमान २.५ मेगाओहम हवेत. मेगर लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक भाग पुस्तिकेप्रमाणे वेगळे किंवा शॉर्ट करावे लागतात, नाहीतर तपासणीतच यंत्र निकामी होते. शेवटी रिकाम्या यंत्राचा दाब मोजतात. नेहमीच्या जागी डीसी ११३ व्होल्टपर्यंत आणि एसी ८० व्होल्टपर्यंत चालतो. ओलसर, अरुंद, चहूबाजूंनी धातू असलेल्या टाकीसारख्या जागी एसी ४८ व्होल्टच्या वर नसावा. सर्व आकडे तारखेसह नोंदवहीत लिहावेत. एका वर्षाचा आकडा फारसे सांगत नाही, पण दरवर्षी घसरत जाणारा मेगाओहमचा आकडा बिघाडाची आगाऊ सूचना देतो.

एक दोष असा आहे की तो वेल्डमध्ये दिसतच नाही. इन्व्हर्टरच्या पुरवठ्याच्या तोंडाशी चोक आणि कपॅसिटर यांचा फिल्टर असतो. त्यातले काही कपॅसिटर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बसवलेले असतात आणि लहरींना अर्थकडे वाट देतात. त्यामुळे थोडा गळती प्रवाह नेहमीच असतो. तो पुरवठ्यावरच्या गळतीरोधक ब्रेकरला पुरेसा ठरला की ब्रेकर वारंवार पडतो. अशा वेळी हा कपॅसिटर कापून टाकणे किंवा अर्थची तारच सोडवणे, असले ‘उपाय’ केले जातात. पहिल्याने यंत्र रेडिओ-गोंगाट मोकळा सोडू लागते. दुसऱ्याने पेटीवर झटका बसेल इतका दाब येऊ शकतो. दोन्ही वेळा वेल्ड पूर्वीसारखाच पडतो, म्हणून चूक लपून राहते. योग्य मार्ग म्हणजे गळती मोजणे, एका ब्रेकरवरची यंत्रे विभागणे आणि फिल्टरचे भाग त्याच दर्जाचे बदलणे.

अर्थिंग आणि परतीची वाट

वर्कशॉपच्या बोलीत परतीच्या केबलच्या क्लॅम्पला ‘अर्थ’ म्हणतात आणि तिथून घोटाळा सुरू होतो. यंत्राच्या पेटीला जोडलेली सुरक्षेची अर्थ आणि वेल्डिंगचा प्रवाह परत आणणारी केबल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परतीची केबल जॉबला, आणि तीही वेल्डच्या शक्य तितक्या जवळ, घासून उघड्या केलेल्या धातूवर लावायची असते. ती लावली नाही किंवा शेडच्या खांबाला लावली, तर शेकडो अँपिअर स्वतःची वाट शोधतात. ती वाट हातातल्या ड्रिलच्या अर्थ तारेतून जाईल, क्रेनच्या दोरातून जाईल, कन्व्हेयरच्या बेअरिंगमधून जाईल. अर्थची तार जळते, बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात, आणि कित्येक मीटर लांबीच्या या भटक्या वाटेतून व्यत्यय पसरतो. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक सोडवून ठेवण्याची सूचना याचसाठी असते.

एकाच जॉबवर दोन यंत्रांनी काम चालले असेल, तर दोन होल्डरांमध्ये दोन्ही यंत्रांच्या रिकाम्या दाबांची बेरीज येऊ शकते. दोन वेल्डरांनी एकमेकांच्या हाताच्या अंतरात काम करू नये, हा नियम त्यातून आला.

सुरक्षेची अर्थ ५० हर्ट्झवर उत्तम असली तरी रेडिओलहरींसाठी पुरेशी असेलच असे नाही. तीन मीटर लांब तारेचे प्रेरण साधारण तीन मायक्रोहेन्री असते. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा जेमतेम एक मिलिओहम, पण एक मेगाहर्ट्झला सुमारे १९ ओहम. म्हणून एचएफच्या कामात लांब गोल तारेपेक्षा आखूड, रुंद, चपटी पट्टी चांगली. जॉब आणि त्याच्याजवळची लोखंडी टेबले, कपाटे, पाइप, कुंपण एकमेकांना जोडून समान दाबावर आणले, तर त्यांच्यावर पडलेली लहर पुन्हा फेकली जाण्याचे प्रमाण कमी होते. एचएफ यंत्राभोवती सुमारे १५ मीटरच्या परिसरातले मोठे धातू असे जोडावेत अशी शिफारस असते. जॉब थेट अर्थला जोडल्याने काही वेळा व्यत्यय घटतो, पण त्यामुळे दुसरी यंत्रे बिघडण्याचा किंवा माणसाला झटका बसण्याचा धोका वाढत नाही याची खात्री करूनच तो निर्णय घ्यावा. काही ठिकाणी ही जोडणी कपॅसिटरमार्फत करतात.

शोध आणि इलाज

व्यत्ययाचा उगम शोधण्यासाठी महागड्या उपकरणाआधी बॅटरीवरचा साधा एएम ट्रान्झिस्टर उपयोगी पडतो. बंगळुरू आकाशवाणी ६१२ किलोहर्ट्झवर आहे. तिच्यापासून दूर, रिकाम्या जागी काटा लावून खरखर ऐकावी. यंत्र नुसते चालू केल्यावरच खरखर आली, तर दोष इन्व्हर्टरच्या स्विचिंगमध्ये किंवा फिल्टरमध्ये आहे. फक्त पेटवताना आली तर ती एचएफची. वेल्डिंग चालू असताना केबल हलवली की खरखर बदलत असेल तर जोड सैल आहे. ट्रान्झिस्टर वाहिनीच्या पाइपाजवळ नेल्यावर आवाज वाढला, तर व्यत्यय पुरवठ्याच्या तारांवरून चालला आहे. यंत्र बंद करूनही खरखर राहिली, तर वेल्डिंगला दोष देण्याआधी वीजवाहिनीचे खांब पाहावेत.

इलाजाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. आधी स्क्रू, जोड, स्पार्क गॅप आणि केबलची मांडणी. नंतर यंत्रासाठी ट्रान्सफॉर्मरपासून वेगळा फीडर. त्यानंतर पुरवठ्याची केबल लोखंडी पाइपातून नेऊन पाइपाचे टोक यंत्राच्या पेटीला जोडणे. यानेही भागले नाही तर बाहेरचा फिल्टर. तो बसवताना त्याची पेटी उघड्या धातूवर टेकलेली असावी आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. त्या शेजारून नेल्या, तर व्यत्यय फिल्टरला वळसा घालून पुढे जातो. शेवटचा उपाय वेल्डिंगच्या जागेभोवती जाळीचा पडदा. संगणक, मोजमापाची उपकरणे, संदेशवहनाच्या आणि सेन्सरच्या तारा वेल्डिंग केबलला समांतर नेऊ नयेत. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. सगळे करूनही शेजारचे एखादे नाजूक उपकरण बिघडत असेल, तर वेळ बदलावी. मोजमाप दिवसा चालत असेल तर वेल्डिंग संध्याकाळी.

मानके आणि माणसे

रेडिओ-व्यत्ययाची आंतरराष्ट्रीय समिती, सिस्पर, १९३४ मध्ये स्थापन झाली. तिच्या सिस्पर ११ या मानकावर वेल्डिंग यंत्रांसाठीचे आयईसी ६०९७४-१० आधारलेले आहे. पुरवठ्याच्या तारांवरचा व्यत्यय १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ आणि हवेतला ३० मेगाहर्ट्झच्या वर मोजला जातो. यंत्रांचे दोन वर्ग आहेत. क्लास बी यंत्र वस्तीतल्या वीजपुरवठ्यावर चालवता येते. क्लास ए औद्योगिक पुरवठ्यासाठी असते आणि वस्तीत वापरल्यास शेजाऱ्यांच्या उपकरणांत व्यत्यय येऊ शकतो, अशी सूचना त्यावर असते. देवनहळ्ळीसारख्या गावात दुकान खाली आणि घर वर असते, दोघांची वाहिनीही एकच. तिथे यंत्र विकत घेताना अँपिअरइतकेच पाटीवरच्या या अक्षराकडे पाहायला हवे. भारतीय मानकांपैकी वेल्डिंगमधील सुरक्षिततेसाठी आयएस ८१८, वेल्डिंग केबलसाठी आयएस ९८५७ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही वर्कशॉपच्या नेहमीच्या कामाची आहेत.

आयईसी ६०९७४-१० मध्ये वापरणाऱ्यासाठी जोडलेल्या मार्गदर्शनात व्यत्यय कमी करण्याचे उपाय सांगताना देखभालीला स्वतंत्र जागा दिली आहे. यंत्र चालू असताना सर्व झडपा आणि आवरणे बंद असावीत, यंत्रात मनाने फेरफार करू नयेत, आणि स्पार्क गॅप उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ठेवावा. कारखान्यातून यंत्र मानक पाळून निघते, ही हमी पहिल्या दिवसाची असते. पुढची हमी वापरणाऱ्याच्या पान्याची.

व्यत्ययाचा परिणाम माणसाच्या शरीरात बसवलेल्या यंत्रांवरही होऊ शकतो. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असलेल्या व्यक्तीने वेल्डिंग करण्यापूर्वी, किंवा वेल्डिंगच्या जागी वावरण्यापूर्वी, हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि वर्कशॉपच्या दारावर तशी पाटी असावी. वेल्डरने स्वतः दोन केबलींच्या मध्ये उभे राहू नये आणि केबल खांद्यावर किंवा अंगाभोवती घेऊ नये. दोन्ही केबली शरीराच्या एकाच बाजूला, एकमेकींना लागून ठेवाव्यात. मांडणी तीच, जी शेजारचा रेडिओ शांत ठेवते. दोन केबली जवळ आल्या की बाहेरचे क्षेत्र घटते, आणि त्याचा लाभ अँटेनाला, मोजमापाच्या उपकरणाला आणि वेल्डरच्या शरीराला सारखाच मिळतो.